मागच्या बाजूला लिहिलेलं नाव

मेक्सिको शहराच्या दक्षिणेला कोयोआकान नावाची जुनी वस्ती आहे. तिथे लोंद्रेस रस्त्यावर २४७ क्रमांकाचं, गडद निळ्या भिंतींचं एक घर आहे. ‘कासा असूल’, म्हणजे निळं घर, या नावाने ते ओळखलं जातं. चित्रकार फ्रिडा काहलो ६ जुलै १९०७ ला जन्मली, या घरात वाढली आणि १३ जुलै १९५४ ला याच घरात तिने प्राण सोडला. जुलै १९५८ पासून हे घर संग्रहालय म्हणून लोकांसाठी उघडं आहे.

या संस्थेची वाटचाल नांदेड-लातूरच्या वाचकाला सांगावीशी वाटली, याला दोन कारणं आहेत. त्यातलं एक वर्ध्याहून येतं, ते पुढे सांगतो. दुसरं माझ्या घरातलं आहे. लातूरच्या आमच्या घरी गंजगोलाईजवळच्या एका स्टुडिओत काढलेला फोटो आहे. माझी आत्या आणि तिची मैत्रीण, दोघी नऊवारीत, मागे रंगवलेला पडदा, बाजूला उंच स्टुलावर कागदी फुलांची कुंडी. आत्या हसू दाबते आहे, मैत्रीण थेट कॅमेऱ्याकडे पाहते आहे. आत्या जाऊन बरीच वर्षं झाली. मैत्रिणीचं नाव आज घरात एकालाही सांगता येत नाही. फोटोची मागची बाजू कोरी आहे.

मेक्सिकोला मी गेलेलो नाही. निळ्या घरातले फोटो मी पाहिले ते नांदेडला एका मित्राच्या बैठकीत, त्याने मागवलेल्या जाड पुस्तकात. सुमारे चारशे फोटो आहेत. दोन दिवस आम्ही ते पान पान पाहत बसलो होतो.

संग्रहालय १९५८ चं असलं, तरी फोटोंचा संग्रह फ्रिडाच्या जन्माआधीच सुरू झाला होता. तिचे वडील गिलेर्मो काहलो हे पेशाने फोटोग्राफर. १८७१ मध्ये जर्मनीत जन्मलेला हा माणूस विशीच्या आत-बाहेर मेक्सिकोला आला आणि तिथलाच झाला. १९०४ मध्ये त्यांनी हे घर बांधलं. त्याच सुमारास त्यांना सरकारी काम मिळालं: देशभर हिंडून जुन्या चर्चवास्तू कॅमेऱ्यात उतरवायच्या. मोठा कॅमेरा, काचेच्या निगेटिव्ह, तिपाई, असा संसार पाठीवर घेऊन ते चार-एक वर्षं फिरले.

गिलेर्मोंना फिट येत असे. रस्त्यात चालता चालता ते कोसळत. म्हणून लहानगी फ्रिडा त्यांच्यासोबत जाई. वडील पडले की त्यांना सांभाळायचं आणि त्या गडबडीत कॅमेरा कुणी उचलून नेऊ नये म्हणून त्याच्यावर नजर ठेवायची, ही दोन्ही कामं तिची. सहाव्या वर्षी पोलिओने तिचा स्वतःचा उजवा पाय बारीक झाला होता. वडिलांच्या स्टुडिओत ती फोटोंचं टचिंग करायला शिकली. माझे मामा नांदेडच्या वजिराबादेत एका स्टुडिओत कामाला होते, त्यामुळे टचिंग म्हणजे काय ते मी लहानपणी पाहिलं आहे. खिडकीशी तिरकी काच, तिच्यावर निगेटिव्ह, हातात टोक काढलेली पेन्सिल. चेहऱ्यावरचा डाग झाकायचा, डोळ्याखालची सावली हलकी करायची, आणि हात लागल्याचं कळू द्यायचं नाही. तासन्‌तास मान खाली घालून एकेका चेहऱ्याचा बोटभर भाग पाहत राहावं लागतं. फ्रिडाच्या स्वतःच्या चित्रांमधली ती बारीक, न विस्कटलेली रेघ पाहिली की मला मामांची ती खिडकी आठवते. तिच्या कलेची पहिली शाळा वडिलांचा स्टुडिओ होता, असं माझं ठाम मत झालं आहे.

गिलेर्मोंना स्वतःचे फोटो काढायचीही हौस होती. वेगवेगळ्या वयांत, वेगवेगळ्या कपड्यांत, कॅमेऱ्यासमोर ते स्वतः उभे राहत. पुढे ज्या मुलीने जगाला वेड लावणारी आत्मचित्रं रंगवली, तिला आरशासमोर बसायची सवय कुठून लागली ते या फोटोंत दिसतं. १९५१ मध्ये, वडील जाऊन दहा वर्षं झाल्यावर, तिने त्यांचं चित्र रंगवलं, त्यात त्यांच्या शेजारी कॅमेरा आहे.

वडिलांनी काढलेला १९२६ सालचा एक कुटुंबाचा फोटो मी फार वेळ पाहिला. बायका रीतसर झग्यांत उभ्या आहेत आणि त्यांच्यात अठरा वर्षांची फ्रिडा पुरुषाचा सूट घालून, केस मागे चापून बसवून उभी आहे. पाच महिन्यांपूर्वी, १७ सप्टेंबर १९२५ ला, ती ज्या बसमध्ये होती तिला ट्रामची धडक बसली होती. कणा, कंबर, पाय, सगळीकडे मोड. त्या फोटोत यातलं काही दिसत नाही. कपड्यांनी काय झाकायचं आणि काय पुढे आणायचं, हे तिला तेव्हाच कळलेलं होतं.

आता वर्ध्याचं कारण.

पांडुरंग सदाशिव खानखोजे हे नाव आपल्याकडे थोड्यांना माहीत आहे. वर्ध्याचा मुलगा, टिळकांच्या विचारांनी भारलेला, अमेरिकेत शेतकी शिकलेला, १९१३ च्या गदर चळवळीच्या उभारणीतला एक. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांशी लढून, मायदेशाचे रस्ते बंद झालेले असताना, १९२४ मध्ये ते मेक्सिकोला पोहोचले. तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मका आणि गहू हे त्यांचे विषय. ज्या शेतकऱ्याला विद्यालयाची पायरी चढणं शक्य नव्हतं, त्याच्यासाठी गावात फी न घेणाऱ्या शेतकी शाळा त्यांनी काढल्या.

चापिंगोच्या त्याच आवारात, जुन्या प्रार्थनामंदिराच्या भिंतींवर तेव्हा चित्रकार दिएगो रिवेरा भित्तिचित्रं रंगवत होता. १९२७ मध्ये ती पुरी झाली. त्यातल्या एका स्त्रीसाठी रिवेरासमोर बसली होती टीना मोदोत्ती. इटलीत जन्मलेली ही बाई स्वतः अव्वल दर्जाची फोटोग्राफर होती. याच मोदोत्तीने खानखोजेंचे, त्यांच्या मक्याच्या कामाचे, त्यांच्या शेतकी शाळांचे आणि तिथल्या शेतकऱ्यांचे फोटो काढले. सोंब्रेरो घातलेल्या मेक्सिकन शेतकऱ्यांत उभा असलेला आपला माणूस पाहताना माझ्या छातीत काय झालं ते लिहून सांगता येणार नाही.

आणि मोदोत्तीच्याच ओळखीच्या वर्तुळात १९२८ मध्ये फ्रिडा आली. चित्रकार, क्रांतिकारक, परदेशातून हद्दपार झालेले, रात्री उशिरापर्यंत वाद घालणारे लोक. रिवेराशी तिची जवळीक इथेच वाढली. त्याच वर्षी रिवेरा मेक्सिको शहरात शिक्षण खात्याच्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर भिंती रंगवत होता. तिथल्या एका भित्तिचित्रात लाल सदऱ्यातली फ्रिडा लोकांना बंदुका वाटते आहे, कडेला मोदोत्तीच्या हातात काडतुसांचा पट्टा आहे. त्याच मजल्यावरच्या, त्याच मालिकेतल्या दुसऱ्या चित्रात मेजाभोवती माणसं जमली आहेत आणि मधला माणूस भाकरीसारखा पाव मोडतो आहे. तो चेहरा खानखोजेंचा, असं त्यांच्यावर लिहिणारे सांगतात. म्हणजे १९२८ मध्ये एकाच चित्रकाराने, एकाच मजल्यावर, फ्रिडाच्या हाती शस्त्र दिलं आणि वर्ध्याच्या माणसाच्या हाती अन्न. या वाक्यासाठी मी हा सगळा लेख लिहायला घेतला असं कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही.

पुढे हे वर्तुळ फुटलं. १० जानेवारी १९२९ ला मोदोत्तीसोबत चाललेल्या हूलिओ अंतोनिओ मेया या क्यूबन तरुणाला रस्त्यावर गोळ्या घातल्या गेल्या. १९३० मध्ये सरकारने मोदोत्तीला देशाबाहेर काढलं. खानखोजे तिथेच राहिले, मक्यावर संशोधन करत राहिले, स्वातंत्र्यानंतर भारतात परतले आणि १९६७ मध्ये नागपूरला वारले. त्यांची मुलगी सावित्री साहनी यांनी इंग्रजीत आणि वीणा गवाणकरांनी मराठीत त्यांचं चरित्र लिहिलं. २०२२ मध्ये चापिंगोच्या विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला.

२१ ऑगस्ट १९२९ ला फ्रिडा आणि दिएगोचं लग्न झालं. त्यानंतर तिला कॅमेऱ्यात घेण्यासाठी जणू रांगच लागली. १९३० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला एडवर्ड वेस्टनने तिचे फोटो काढले, पुढच्या वर्षी इमोजेन कनिंगहॅमने. हंगेरीहून न्यूयॉर्कला आलेल्या निकोलस मरेने तिला रंगीत फोटोंत पकडलं. १९३९ मधला किरमिजी शाल पांघरलेला तो फोटो आज पिशव्यांवर, कपांवर, वह्यांवर छापून विकला जातो. मरेचं तिच्यावर प्रेम होतं आणि ते त्या फोटोंत उतरलं आहे, यात शंका नाही. तरी मला विचाराल तर लोला आल्वारेझ ब्रावोने काढलेले काळे-पांढरे फोटो अधिक खरे वाटतात. आरशासमोर उभी असलेली, थकलेली, घरच्या माणसासमोर असावी तशी फ्रिडा तिथे आहे. १९५३ मध्ये तिच्या हयातीतलं मेक्सिकोमधलं एकमेव स्वतंत्र प्रदर्शन लोलानेच आपल्या गॅलरीत भरवलं. फ्रिडाला उठण्याची परवानगी नव्हती. तिचा पलंग गॅलरीत आणून मांडला आणि ती रुग्णवाहिकेतून आली.

मोठमोठ्या फोटोग्राफरांची नावं घेतली, पण निळ्या घरातला खरा ऐवज वेगळा आहे. तिला इतरांनी दिलेले, तिने मागून घेतलेले, जपलेले, चुरगाळलेले फोटो. काहींवर तिच्या लिपस्टिकचा ठसा आहे. काहींतून एखादा माणूस कात्रीने कापून काढला आहे. काहींच्या मागे मजकूर लिहिला आहे. पुस्तकातलं हे पान उलटताना माझा मित्र म्हणाला, “ही बाई फोटो बघत नव्हती, फोटोशी भांडत होती.” त्याचं बरोबर आहे. आपल्याकडेही भावकीचं बिनसलं की लग्नाच्या अल्बममधला एखादा कोपरा कापलेला सापडतो. पण आपण तो लपवतो.

फ्रिडा गेल्यावर दिएगोने घर आणि त्यातलं सगळं मेक्सिकोच्या जनतेला द्यायचं ठरवलं. १९५७ मध्ये मेक्सिकोच्या मध्यवर्ती बँकेकडे त्याचा विश्वस्त निधी सोपवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दिएगोही गेला. कवी कार्लोस पेयिसेर या दोघांचा मित्र, त्याने घराची मांडणी संग्रहालय म्हणून केली. स्वयंपाकघर, पलंग, पलंगाच्या छतावरचा आरसा, चाकाची खुर्ची, रंगांच्या बाटल्या जागच्या जागी ठेवल्या.

पण घरातली एक खोली बंद होती. फ्रिडाच्या वापरातल्या न्हाणीघरात तिचे कपडे, औषधं, प्लास्टरचे पट्टे, पत्रं, फोटो भरून ठेवले होते. आपल्या मृत्यूनंतर पंधरा वर्षं ही खोली उघडू नये, असं दिएगोने दोलोरेस ओल्मेदो या बाईंना सांगितलं होतं. ओल्मेदो दिएगोच्या चित्रांच्या मोठ्या संग्राहक, आणि या संग्रहालयाचा कारभार त्यांच्याच हाती होता. पंधरा वर्षं सरली. त्यांनी खोली उघडली नाही. २००२ मध्ये त्या गेल्या, तोवर कुलूप तसंच राहिलं. फ्रिडाशी त्यांचं फारसं जमत नव्हतं, म्हणून पुष्कळांनी त्यांना दोष दिला आहे. मी देणार नाही. त्या खोलीत ऊन गेलं नाही, हौशी हात गेले नाहीत, नातेवाईक गेले नाहीत, ‘हा फोटो मला हवा’ म्हणणारे पाहुणे गेले नाहीत. न जमणाऱ्या माणसाने कुलूप लावून ठेवलं, म्हणूनच सगळं एकत्र राहिलं.

२००४ मध्ये दार उघडलं. मग मोजदाद सुरू झाली. पाच हजारांहून अधिक फोटो, वीस हजारांहून अधिक कागद, शेकडो कपडे आणि दागिने, लाल बूट चढवलेला कृत्रिम पाय. १९५३ मध्ये तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला होता, तो त्या वेळचा. मेक्सिकोची थोर फोटोग्राफर ग्रासिएला इतुर्बिदे हिने त्या न्हाणीघराचे फोटो काढले. टबात उभे केलेले पट्टे, कुबड्या. त्या फोटोंत फ्रिडा कुठेच नाही, आणि तरी ती व्यक्तीचीच चित्रं आहेत.

पुढची वर्षं संस्थेच्या वाटचालीत मला सर्वांत मोलाची वाटतात, आणि ती सर्वांत कमी सांगितली जातात. कारण त्यात फक्त काम आहे. एकेक फोटो साफ करायचा, मागचा मजकूर वाचायचा, चेहरा ओळखायचा, साल ठरवायचं, नोंद करायची. २००७ मध्ये, फ्रिडाच्या जन्मशताब्दीला, खोलीतला ऐवज पहिल्यांदा लोकांसमोर मांडला. फोटोग्राफर पाब्लो ओर्तिझ मोनास्तेरिओ याने हजारो फोटोंमधून निवड केली: आईवडील, निळं घर, मोडलेलं शरीर, प्रेम, छायाचित्रण आणि राजकीय लढा असे सहा भाग. सुमारे २४० फोटोंचं प्रदर्शन देशोदेशी फिरलं, आणि त्याचंच पुस्तक नांदेडच्या त्या बैठकीत आमच्या मांडीवर होतं. २०१२ मध्ये कपड्यांची बारी आली, २०१८ मध्ये ते लंडनला जाऊन आले.

पुस्तक मिटल्यावर मित्राने चहा ठेवला आणि आमचं बोलणं आपल्या भागाकडे वळलं. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याला फोटोचं वावडं नव्हतं. राजा दीनदयाळ हैदराबादला निजामाचा फोटोग्राफर होता, आणि १८९२ मध्ये त्याने पडदानशीन बायकांसाठी तिथे वेगळा स्टुडिओ उघडला, जिथे फोटो काढणारीही बाईच होती. त्याच्या २,८५७ काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात सांभाळलेल्या आहेत. दरबार जपला गेला. पण निजामाविरुद्धच्या लढ्यात नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर ३० जानेवारी १९४८ ला छापा घालणाऱ्या पोरांचे चेहरे? सरहद्दीवरच्या कँपांत राहिलेल्यांचे, त्यांना भाकरी पोचवणाऱ्या बायकांचे? जे फोटो असतील ते घराघरांत आहेत, लोखंडी पेटीत, देव्हाऱ्यामागे, आणि त्यांतल्या चेहऱ्यांना ओळखणारी माणसं नव्वदीला टेकली आहेत.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हललं. औसा-लोहाऱ्याच्या गावांत दगडमातीची घरं बसली तेव्हा भिंतीवरच्या तसबिरीही त्यांच्यासोबत गाडल्या गेल्या. मूळ गाव उठलं, दूर नवं गाव वसलं. जुन्या गल्लीत कुणाचा वाडा कुठे होता, पारावर कोण बसायचं, हे आज नातवंडांना दाखवायला मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांकडे पोस्टाने गेलेले चार फोटो तेवढे उरले असतील. असतील, तर ते कुणीतरी मागून आणले पाहिजेत.

आणि स्टुडिओ. वजिराबादेतला मामांचा स्टुडिओ बंद झाला तेव्हा निगेटिव्हची खोकी भंगारात गेली. मी तेव्हा कॉलेजात होतो, मला थांबवता आलं असतं, मला त्याची किंमत कळत नव्हती. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, अहमदपूर, जिथे जिथे जुने स्टुडिओ आहेत तिथे पोटमाळ्यावर अशी खोकी अजून आहेत. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या एखाद्या महाविद्यालयाने, एखाद्या वाचनालयाने एक कोरडी, अंधारी, कुलपाची खोली दिली तरी सुरुवात होईल. निळ्या घराचंही काम एका बंद खोलीपासूनच सुरू झालं.

तोवर घरात करता येईल असं एक काम आहे. चिकट पानांच्या अल्बममधले जुने फोटो हलक्या हाताने सोडवा. फोटो पालथा ठेवा आणि मागे कडेला, मऊ पेन्सिलीने, न दाबता लिहा: नाव, गाव, साल, फोटो कोणत्या स्टुडिओतला. बॉलपेन वापरू नका, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो. आणि हे आज करा, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवून. आत्याच्या मैत्रिणीबद्दल विचारायला मला आता कुणी उरलेलं नाही.